३८-७ ने हरत असताना जेडन डॅनियल्स मैदानात कशाला?

ॲशबर्नकर | ३ नोव्हेंबर २०२५

काल रात्रीचा वॉशिंग्टन कमांडर्स विरुद्ध सिॲटल सीहॉक्स हा अमेरिकन फुटबॉलचा (एनएफएल लीग) सामना ज्यांनी शेवटपर्यंत बघितला त्यांचं सांत्वन आणि ज्यांनी वेळीच टीव्ही बंद केला त्यांचं अभिनंदन, यासाठी हा धागा. बाकीच्यांसाठी थोडक्यात: आमचा, म्हणजे वॉशिंग्टनचा, पार धुव्वा उडाला. सिॲटलच्या सॅम डार्नल्डने चार टचडाउन पास टाकले (टचडाउन म्हणजे चेंडू गोल लाइनपलीकडे नेला की मिळणारे सहा गुण). चौथ्या क्वार्टरमध्ये साडेसात मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, धावफलकावर ३८-७. आणि आमचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स अजून मैदानातच.

गोल लाइनजवळ पास टाकायला कोणी मोकळा दिसेना म्हणून तो पळायला गेला. सिॲटलच्या ड्रेक थॉमसने त्याला धरून खाली आणलं. पडताना डावा हात जमिनीला टेकला, वरून दोघांचं वजन आलं आणि कोपर जिकडे वळायला नको तिकडे वळलं. सांधा निखळला. पास टाकायचा हात उजवा आहे, एवढंच काय ते नशीब.

हा मुलगा २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. पहिल्याच वर्षी १२ विजय-५ पराभव, टीम कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत (म्हणजे लीगची उपांत्य फेरी), स्वतः सर्वोत्तम नवोदित खेळाडू. यंदा आधी गुडघा मुरगळला म्हणून दोन सामने बाहेर, मग हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) धरली म्हणून एक सामना बाहेर. कालचा सामना हा त्या हॅमस्ट्रिंगनंतरचा पहिलाच. म्हणजे नुकत्याच दुरुस्त होऊन आलेल्या खेळाडूला, हरलेल्या सामन्यात, शेवटच्या क्वार्टरमध्ये ठेवायचं. कशासाठी?

मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. माणूस सरळ आहे, मला आवडतो. पण जबाबदारी घेतल्याने कोपर जागेवर येत नाही. डॅनियल्सला कधी बाहेर काढायचं हे सामन्याआधी ठरलेलं होतं का, हा माझा प्रश्न आहे. ठरलेलं नसेल तर ती चूक कालच्या त्या एका मिनिटातली नाही, आठवडाभर आधीची आहे.

---

निवांत_नाना | ३ नोव्हेंबर

ॲशबर्नकर, धागा वाचला, तळमळ पोचली, खेळ काही कळला नाही. आम्ही पुण्यात बसून क्रिकेट बघणारी माणसं. क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का? आणि तो एवढा महत्त्वाचा असेल तर त्याला पळू कशाला देतात?

---

ॲशबर्नकर | ३ नोव्हेंबर

नाना, प्रश्न अगदी वर्मावर. आक्रमणाचा प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. मग क्वार्टरबॅक एकतर चेंडू पळणाऱ्याच्या हातात देतो, नाहीतर लांब पास टाकतो, नाहीतर स्वतः पळतो. तिसऱ्या प्रकारात सगळी गंमत आणि सगळा धोका. पासच्या तयारीत उभा असताना त्याच्या पुढे दीडेकशे किलोचे पाच पहारेकरी असतात आणि त्याला कसं पाडायचं यावरही कडक नियम आहेत. पळायला लागला की पहारेही गेले आणि बरेचसे नियमही गेले. पाय पुढे करून घसरला तर त्याला मारता येत नाही, पण गोल लाइन दोन पावलांवर असताना कोण घसरतोय?

डॅनियल्सने पहिल्या वर्षी पळून ८९१ यार्ड काढले. तो पळतो म्हणूनच बचाव करणारे गोंधळतात, आणि ते गोंधळतात म्हणून त्याचे पास लागतात. पळणं काढून घेतलं तर उरतो तो निम्मा खेळाडू. म्हणून त्याला पळू नको असं कोणी म्हणत नाहीये. ३१ गुणांनी मागे असताना तो तिथे नको, एवढंच.

---

लॉजिकराव | ३ नोव्हेंबर

निकाल लागल्यावर सगळेच हुशार. दुसरी बाजू मांडतो.

एक तर या पोराचे तीन सामने बुडालेत. रिसीव्हरबरोबरचा (पास झेलणाऱ्याबरोबरचा) मेळ सामन्यातच बसतो, सरावात नाही. सरावात क्वार्टरबॅकला कोणी हातही लावत नाही. हरलेल्या सामन्यातली दहा मिनिटंसुद्धा पुढच्या आठवड्यासाठी कामाची असतात.

दुसरं म्हणजे बाकीचे दहा जण तिथेच आहेत. त्यांनी मार खायचा आणि स्टारने टोपी घालून बाकावर बसायचं? ड्रेसिंग रूममध्ये याचा काय अर्थ लावतील?

आणि दुखापत वेळ बघून येत नाही. २००८ च्या पहिल्याच सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा गेला, तिथे स्कोअर शून्य-शून्य होता. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स जेट्सकडून चार स्नॅप खेळला आणि टाचेमागची अकिलीस टेंडन तुटली. कालच्याच सामन्यात आमच्या बचावफळीतल्या मार्शन लॅटिमोरचा एसीएल (गुडघ्याच्या आतला लिगामेंट) गेला, त्यावर धागा कोणी काढला नाही. असा हिशोब करत बसलं तर क्वार्टरबॅकला काचेच्या कपाटात ठेवावं लागेल.

शिवाय या लीगमध्ये डिसेंबर २०२२ ला मिनेसोटा व्हायकिंग्ज मध्यंतराला ३३-० ने मागे होते आणि जिंकले. प्रशिक्षकाने पांढरं निशाण कधी फडकवायचं?

---

ॲशबर्नकर | ३ नोव्हेंबर

लॉजिकराव, व्हायकिंग्जकडे अख्खा दुसरा हाफ होता, म्हणजे ३० मिनिटं. आमच्याकडे साडेसात. ३१ गुण भरून काढायला चार टचडाउन लागतात, आणि त्यातल्या तीनवर दोन-दोन गुणांची जास्तीची चाल जमली आणि चौथ्यावर एक गुण मिळाला तर कुठे बरोबरी. मधल्या काळात सिॲटलने एकही गुण करायचा नाही आणि घड्याळही खायचं नाही. याला आशा म्हणत नाहीत, नवस म्हणतात.

आणि पुनरागमनांचा विषय काढलाच आहे तर सगळ्यात गाजलेलं ऐका. जानेवारी १९९३ चा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना, बफलो बिल्स विरुद्ध ह्यूस्टन ऑयलर्स. बफलो ३५-३ ने मागे होते आणि ४१-३८ ने जिंकले. तेव्हा क्वार्टरबॅक कोण होता? फ्रँक राइक, बदली खेळाडू. मुख्य क्वार्टरबॅक जिम केली जखमी होऊन बाहेर बसलेला. म्हणजे प्लेऑफमधला सगळ्यात मोठा चमत्कार राखीव माणसानेच केलाय.

ब्रेडी आणि रॉजर्सचे सामने जिंकायचे होते, तिथे धोका पत्करून काहीतरी मिळणार होतं. काल काय मिळणार होतं, ते सांगा.

---

रेवन्स_रसिक | ४ नोव्हेंबर

शेजारधर्म म्हणून बाल्टिमोरकरांकडून सहानुभूती. पण मंडळी, सीहॉक्स, वॉशिंग्टन, लँडोव्हरचं तेच मैदान, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला पळणारा क्वार्टरबॅक, आणि चौथा क्वार्टर. हा सिनेमा आधी बघितलाय असं कोणालाच वाटत नाही का?

वॉशिंग्टनचाच क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन. ६ जानेवारी २०१३.

आणि त्याची पहिली रीळ आमच्याच घरी तयार झाली होती. म्हणजे सामना तुमच्या मैदानावरच, पण ९ डिसेंबर २०१२ ला आमच्या हलोटी एन्गाटाने त्याला धडक दिली आणि उजवा गुडघा असा वाकला की मी रेवन्सचा असूनही "अर्रर्र" म्हणालो. तो बाहेर गेला आणि थोड्याच वेळात परत आला! चार पावलं लंगडत खेळला आणि पुन्हा बाहेर. मग कर्क कझिन्स आला, त्याने बरोबरी करून दिली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. ग्रिफिनसाठी ड्राफ्टमधले तीन पहिल्या फेरीचे आणि वर एक दुसऱ्या फेरीचा पिक (खेळाडू निवडायची संधी) मोजल्यावर त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत आणखी एक क्वार्टरबॅक कशाला घेतला, म्हणून तुमच्याच लोकांनी बोटं मोडली होती. पुढच्या आठवड्यात क्लीव्हलंडलाही तोच जिंकवून आला.

---

ॲशबर्नकर | ४ नोव्हेंबर

रसिक, जखमेवर मीठ चोळलंत, पण विषय योग्य काढलात. नवीन लोकांसाठी तो सामना नीट लिहितो, कारण वॉशिंग्टनच्या चाहत्याला परवाची कळ तिथूनच उठते.

२०१२ चा मोसम. ३-६ वरून सलग सात सामने जिंकून आम्ही १०-६ ने डिव्हिजन जिंकलो. ग्रिफिन नवखा, ३२०० यार्ड पास, ८१५ यार्ड पळून. कॉलेजात असताना २००९ मध्ये त्याच उजव्या गुडघ्याचा एसीएल एकदा तुटलेला. त्यावर डिसेंबरमधली एलसीएलची दुखापत. मोठा ब्रेस बांधून प्लेऑफला उतरला.

पहिल्या क्वार्टरमध्ये आम्ही १४-० ने पुढे. पण दुसऱ्या टचडाउनच्या जरा आधी उजवीकडे पळत पास टाकताना त्याचा पाय लचकला. त्या क्षणापासून तो वेगळाच खेळाडू दिसत होता. पास टाकताना मागच्या पायावर जोर नाही, चेंडू रिसीव्हरच्या अलीकडेच पडतोय. एकदा कडेने पळत गेला तर असा दिसला की कोणीतरी त्याला मागून दोरीने ओढतंय. मागे कझिन्स उभा, डोक्यावर टोपी, हातात बोर्ड. आणि प्रशिक्षक माइक शॅनाहन बघत उभे.

पूर्ण सामन्यात १९ पैकी १० पास, ८४ यार्ड. १४ गुणांवरून पुढे एकही गुण नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये सिॲटल पुढे गेलं. सहा मिनिटं आणि काही सेकंद उरलेले असताना स्नॅप खाली आला, चेंडू घरंगळला. तो उचलायला ग्रिफिन वाकून वळला आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळला. कोणी स्पर्शही केला नव्हता. चेंडू त्याच्यासमोर पडलेला आणि त्याला तो उचलता येईना. निकाल २४-१४.

तीन दिवसांनी डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली. एलसीएल दुरुस्त, एसीएल नव्याने बसवला. पुढच्या मोसमात तो पहिल्या सामन्याला हजर होता, पण टीम ३-१३, शॅनाहन यांची गच्छंती. ग्रिफिनला २०१४ मध्ये घोटा, २०१५ च्या सराव सामन्यात डोक्याला मार, आणि जागा गेली कझिन्सकडे. पुढे रसिकांच्या बाल्टिमोरला लॅमार जॅक्सनचा बदली म्हणून बसला.

शॅनाहन यांचं स्पष्टीकरण काय होतं? त्यांनी ग्रिफिनला विचारलं, आणि तो म्हणाला की दुखतंय पण इजा झालेली नाही, मला राहू द्या. प्रशिक्षकाने त्यावर विश्वास ठेवला.

आता मला सांगा, बावीस वर्षांचा मुलगा, पहिला प्लेऑफ, घरचं मैदान, ऐंशी हजार माणसं. तो दुसरं काय उत्तर देणार होता?

---

गुडघेबुवा | ४ नोव्हेंबर

नाव बघून ओळखलं असेलच, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, मुंबईत असतो. अमेरिकन फुटबॉल फार बघत नाही, पण ग्रिफिनचा व्हिडिओ आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांनी बघितलेला असतो.

एलसीएल हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट. गुडघा बाहेरच्या अंगाला फाकू नये याची जबाबदारी त्याची. तो सैल असला की सरळ चालताना फारसं जाणवत नाही. माणूस खरंच म्हणतो, "मी ठीक आहे." खोटं बोलत नसतो. पण अचानक वळलं, एका पायावर थांबलं की बाकीच्या लिगामेंटवर जास्तीचा भार येतो, आणि त्यातला एसीएल आधीच एकदा तुटून बसवलेला असेल तर तो काही मूळच्यासारखा नसतो. शिवाय दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू मेंदूच्या सांगण्यावरूनच ढिले पडतात, विशेषतः मांडीचा पुढचा स्नायू. म्हणजे सांध्याला सगळ्यात जास्त आधार लागतो नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. पेशंट जोर लावतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात जोर लागत नसतो. म्हणून "तुला कसं वाटतंय" या प्रश्नाला निदान म्हणून शून्य किंमत आहे. एका पायावर उडी मारायला लावा, बाजूला कापून पळायला लावा, आणि मग बघा.

डॅनियल्सबद्दल: कोपर निखळणं हा पडताना हात टेकल्यावर होणारा अपघात, त्याला हॅमस्ट्रिंग कारणीभूत आहे असं मी म्हणणार नाही. पण हॅमस्ट्रिंगबाबत सगळे फिजिओ एक गोष्ट सांगतील, परतल्यावरचे सुरुवातीचे आठवडे ती पुन्हा धरण्याचे असतात आणि थकव्यात जास्त. त्यामुळे कोपर सोडा, त्या रात्री चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचा पायसुद्धा जाऊ शकला असता. निर्णय वाईट होता तो यामुळे. कोपर हा त्याचा फक्त एक निकाल.

कोपर जागेवर बसवल्यावर फार दिवस बांधून ठेवत नाहीत, कडक होतं. लवकर हालचाल सुरू करतात. "डावा तर आहे" म्हणून सोपं समजू नका. स्नॅप घ्यायला, चेंडू द्यायला आणि मुख्य म्हणजे पडायला दोन्ही हात लागतात.

---

निवांत_नाना | ४ नोव्हेंबर

वाचतोय. आता थोडं थोडं कळायला लागलंय.

आमच्याकडे दिवसाची शेवटची दहा मिनिटं उरली, चेंडू वळतोय, उजेड कमी, की चांगल्या फलंदाजाला न पाठवता तळाच्या कोणाला तरी पुढे करतात, नाइट वॉचमन. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्याकडे अशी पद्धतच नाही का?

दुसरी बाजूही सांगतो. २००२ मध्ये अँटिग्वाला अनिल कुंबळे तुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजीला आला, १४ ओव्हर टाकल्या आणि लाराला काढला. आम्ही अजून ते सांगताना छाती फुगवतो. तेव्हा कोणी कॅप्टनला विचारलं नाही की याला मैदानात का सोडलंस. दुखापत अंगावर घेऊन खेळणाऱ्याला आपणच डोक्यावर घेतो, मग प्रशिक्षकाने काय करायचं?

---

लॉजिकराव | ४ नोव्हेंबर

नाना शंभर नंबरी बोललात. ग्रिफिनला त्या सामन्यात काढला असता आणि कझिन्स हरला असता, तर दुसऱ्या दिवशी याच ॲशबर्नकरांनी "ग्रिफिनला का काढलं" म्हणून धागा काढला असता.

आणि नाइट वॉचमनही माणूसच असतो. आपला राखीव क्वार्टरबॅक मार्कस मारिओटाला आत पाठवा म्हणताय, तोही कधीकाळी दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक होता, २०१५ चा. २०१६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याचाही पाय मोडलाय. त्याचं हाड स्वस्त आहे का?

---

ॲशबर्नकर | ४ नोव्हेंबर

काढला असता. कबूल! पण तो धागा चुकीचा ठरला असता आणि लोकांनी मला झोडपला असता, इतकाच फरक. चाहत्यांनी ओरडायचं असतं, त्याचे पैसे भरतो आम्ही. प्रशिक्षकाला पैसे मिळतात ते ओरडा ऐकून न ऐकल्यासारखं करण्याचे.

मारिओटाचा मुद्दा मात्र बोचला. त्याचं हाड स्वस्त नाही. पण राखीव क्वार्टरबॅकचं काम हेच आहे आणि त्याने ते जाणून घेतलेलं आहे. शिवाय तो आला असता तर चेंडू पळणाऱ्यांच्या हातात देत घड्याळ संपवलं असतं. डॅनियल्स आत असला की त्याला पळावंसं वाटणारच, त्याचा पिंडच तो आहे. चाल पळण्याची नसली तरी तो पळतो. "पळू नकोस" असं सांगून त्याला आत ठेवणं ही स्वतःची फसवणूक आहे.

कुंबळेबद्दल एवढंच की दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनसाठी घरी जाणारच होता, आणि गोलंदाजीला जबडा लागत नाही. ग्रिफिन ज्या गुडघ्यावर खेळत होता त्याच गुडघ्यावर त्याचं पुढचं सगळं उभं होतं.

---

सुमेधा_ह | ५ नोव्हेंबर

मी फुटबॉल बघते ते नाइलाजाने, मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये आहे. वरचं सगळं वाचून एक लिहावंसं वाटलं.

गेल्या मोसमात त्याचा घोटा मुरगळला. मी स्टँडमधून बघत होते. तो बाकावर बसून बुटाची लेस सोडून पुन्हा आवळून बांधत होता, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली असतील. मला आधी कळेना हा काय करतोय. सूज दिसू नये आणि बुटातच पाय धरून राहावा म्हणून! कोच आले, "ठीक आहेस ना?" विचारलं, याने मान हलवली, आणि पुढच्या डावाला तो आत. कोच वाईट नाहीत, पोरांवर जीव आहे त्यांचा. पण प्रश्नच असा विचारला की त्याला एकच उत्तर होतं. घरी आल्यावर बूट कापायचीच वेळ आली होती.

गंमत बघा, हेच डोक्याबाबत झालं असतं तर कोचच्या हातात काही नव्हतं. इथे व्हर्जिनियात कायदाच आहे, डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही आणि नंतरही लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय मैदानात पाऊल नाही. मुलाला कोणी विचारत बसत नाही. त्यामुळे मुलाला खोटं बोलायची वेळ येत नाही.

---

गुडघेबुवा | ५ नोव्हेंबर

सुमेधाताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. (आणि घोट्याचं पुढे काय झालं? मुरगळलेला घोटा नीट बरा न करता खेळणं म्हणजे पुन्हा मुरगळण्याची हमी. एका पायावर डोळे मिटून तोल सांभाळायचा व्यायाम देतायत का बघा.)

डोक्याबाबत लीगनेही हेच केलंय, पण ठेच लागून. मायामीच्या टुआ टागोवाइलोआचं २०२२ चं प्रकरण आठवा. २५ सप्टेंबरला बफलोविरुद्ध पडला, उठला आणि सगळ्या देशासमोर झोकांडी खाल्ली. पाठीची दुखापत म्हणून नोंद झाली आणि तो परत आत आला. चारच दिवसांनी, गुरुवारच्या सामन्यात सिनसिनाटीला तो पुन्हा आपटला, बोटं वेडीवाकडी ताठ झाली आणि स्ट्रेचरवरून बाहेर न्यावा लागला. आमच्याकडे विद्यार्थ्यांना दाखवतात ते चित्र, मेंदूला मार बसल्याचं लक्षण म्हणून. त्यानंतर खेळाडू संघटनेने पहिल्या सामन्यात त्याला तपासणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाला काढलं आणि आठवडाभरात नियम बदलला. आता तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत यायचं नाही, मग कारण पाठ सांगा नाहीतर पोट.

---

रेवन्स_रसिक | ५ नोव्हेंबर

म्हणजे डोक्यासाठी वर बसलेला स्पॉटर (दुखापती टिपणारा निरीक्षक) सामना थांबवू शकतो, आणि गुडघ्यासाठी मात्र "बाळा, दुखतंय का?" वाह.

२०१२ मधला तमाशा विसरलात. आमच्या सामन्यात ग्रिफिन परत आत गेला तेव्हा डॉ. अँड्र्यूजनी परवानगी दिली होती असं शॅनाहन म्हणाले. आणि नेमकं त्या प्लेऑफ सामन्याच्या सकाळी वर्तमानपत्रात डॉक्टरांचं म्हणणं छापून आलं की मी तसं सांगितलंच नव्हतं. देशातला सगळ्यात नावाजलेला गुडघ्याचा डॉक्टर कडेला उभा, आणि त्याने होकार दिला की नाही यावरच दोघांच्या सांगण्यात मेळ नाही! कोणाच्या शब्दावर खेळाडू आत जातो हे लिहून ठेवलेलं नसलं की असंच होणार.

---

लॉजिकराव | ५ नोव्हेंबर

गुडघ्यासाठी स्पॉटर ठेवला तर सामना रात्री दोनला संपेल. या खेळात मोसमाच्या मध्यापर्यंत धड गुडघा असलेला माणूस शोधून दाखवा. डोक्याचा नियम चालतो कारण तिथे हो किंवा नाही असं काहीतरी ठरवता येतं. गुडघ्यात सगळं "थोडंसं" असतं.

पण एक मान्य करतो. दुखापतीचा प्रश्न आणि ३८-७ चा प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी डॉक्टर लागत नाही, पाटी वाचता आली की पुरते. चौथा क्वार्टर, चार टचडाउनच्या वर फरक, तर पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक बाहेर. सामन्याआधी एका कागदावर लिहा आणि ते सांगायचं काम कोणा सहाय्यकाकडे द्या, कारण मुख्य प्रशिक्षक त्या वेळी पंचांशी भांडत असतो. ऑगस्टच्या सराव सामन्यांत याच क्वार्टरबॅकना कापसात गुंडाळून ठेवतात, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये कोणाचं मन दुखत नाही, हे माझ्याच मुद्द्याविरुद्ध जातं याची कल्पना आहे.

---

निवांत_नाना | ५ नोव्हेंबर

लॉजिकराव चक्क सहमत झाले. धाग्याला हार घाला.

---

ॲशबर्नकर | ८ डिसेंबर २०२५

धागा वर आणतोय. काल मिनेसोटात डॅनियल्स परतला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तेच कोपर पुन्हा दुखावलं. निकाल ३१-०. त्याला परत आत पाठवलं नाही, ही त्यातल्या त्यात शिकल्याची खूण. पण प्लेऑफच्या आशा संपल्या असताना त्याला आणलंच कशाला, हा प्रश्न पुन्हा तिथेच. या वेळी डॉक्टरांची परवानगी होती, खेळाडूची इच्छा होती, सगळं रीतसर. फक्त "खेळू शकतो" आणि "खेळायला हवा" यातलं दुसरं कोणी तपासलेलं दिसत नाही.

---

लॉजिकराव | ८ डिसेंबर

इथे मी क्विनच्या बाजूने. बरा झालेला क्वार्टरबॅक बाकावर बसवून ठेवायचा तर मग तो पुढच्या सप्टेंबरपर्यंत एकही खरा फटका न खाता येईल. त्याच्या डोक्यातून त्या रात्रीची भीती काढायची तर खेळवायलाच हवा.

---

गुडघेबुवा | ८ डिसेंबर

भीतीचा मुद्दा खरा आहे, त्याला आमच्याकडे बरंच महत्त्व देतात. पण ती सरावात, टप्प्याटप्प्याने घालवतात. पहिलाच प्रयोग व्हायकिंग्जच्या बचावफळीसमोर करायची गरज नसते.

---

सुमेधा_ह | ९ डिसेंबर

बुवा, घोटा ठीक आहे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचा व्यायाम चालू आहे, दात घासताना. बेसिनवर दोनदा आपटलाय.

---

ॲशबर्नकर | १६ डिसेंबर

ताजी बातमी: डॅनियल्सला उरलेल्या मोसमासाठी बसवलं. राहिलेले सामने मारिओटा आणि मंडळी बघतील.

---

निवांत_नाना | १६ डिसेंबर

बरं झालं. आता मला कोणीतरी सांगा, रविवार रात्रीचा सामना इथे सोमवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होतो हे शोधून काढलंय, चहा घेऊन बसतो. पण मध्येच कोणीतरी येऊन चेंडूला लाथ मारतो आणि तीन गुण घेऊन जातो, तो कोण? आणि एवढंच करून तो परत बाकावर का जातो? सगळ्यात सुरक्षित नोकरी तीच दिसतेय.

---

रेवन्स_रसिक | १६ डिसेंबर

नाना, त्याला किकर म्हणतात. नवीन धागा काढा, आमच्या माजी किकर जस्टिन टकरवर मी एकटाच पन्नास प्रतिसाद देईन.